'वासा' निळी ठेवू का लाल करू? आणि स्टिअरिंगचं चाक नाही म्हणून मार्क कापलेत, ते बरोबर आहे का?

रंकाळ्याचा_खलाशी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

दोन वर्षं चार महिने घालून मी 'वासा' पुरी केली. लाकडी किट, स्केल १:७५. मूळ जहाज पुढच्या तिरप्या डोलकाठीसकट ६९ मीटर, म्हणजे माझं ९२ सेंटीमीटर भरतं, उंची ७०. शोकेसमध्ये काही मावलं नाही म्हणून देवघराशेजारच्या टेबलावर ठेवलंय आणि आई सकाळी उदबत्ती ओवाळताना आता त्यालाही एक फेरी मारते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वासा म्हणजे स्वीडनच्या राजाची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघाली, जेमतेम १३०० मीटर गेली, वाऱ्याचा एक झोत आला, कलंडली, तोफांच्या खालच्या रांगेच्या खिडक्या उघड्याच होत्या, त्यातून पाणी आत आणि खेळ खलास. ६४ तोफा घेऊन बुडाली. ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ ला, अख्खी वर काढली आणि आज तिचं स्वतःचं म्युझियम आहे.

तर गेल्या महिन्यात एका हौशी प्रदर्शनात ठेवली होती. परीक्षक दोघं होते. 'ऐतिहासिक अचूकता' म्हणून वीस मार्कांचा वेगळा कॉलम, त्यात मला मिळाले नऊ. शेरे असे: एक, मागच्या बाजूच्या नक्षीमागचा रंग निळा आहे तो चुकीचा. दोन, स्टिअरिंगचं चाक दाखवलेलं नाही, मॉडेल अपुरं. तीन, तळाला तांब्याचा पत्रा नाही. पहिला नंबर कुणाला, तर आत एलईडी लावलेल्या जहाजाला. असो, त्याबद्दल काही म्हणणं नाही (आहे, पण इथे नको).

निळा रंग मी किटच्या डब्यावरचं चित्र बघून दिला होता, माहितीपत्रकातही निळाच होता. चाक किटमध्ये नव्हतंच. आता घरी येऊन डोकं फिरलंय, सगळं खरवडून परत करू का? त्या मागच्या बाजूवर मी नुसत्या चार महिन्यांच्या रात्री घातल्यात.

आणि दुसरा प्रश्न. प्रदर्शनात जी पोरं यायची ती एकच विचारायची, "हे महाराजांचं जहाज का?" प्रत्येकाला नाही नाही म्हणून घसा बसला. मग वाटलं पुढचं शिवकाळातली गुराबच (आपल्या आरमारातलं लढाऊ जहाज) करावी. पण वासाला बघायला निदान खरं जहाज तरी आहे, गुराबेचा प्लॅन कुठून आणायचा? आणि प्लॅनच नसेल तर ती बरोबर का चूक हे कोण कशावरून ठरवणार?

पॅटर्नवाले_काका

खलाशी भावा, पयलं अभिनंदन. एका कामाला अडीच वर्षं चिकटून राहायचं म्हंजे डोक्यात किडा लागतो, मला म्हाईत हाय. मी उद्यमनगरात चौतीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हंजे ओतकामाचे नमुने, केले. रिटायर झाल्यावर हात गप बसंनात म्हणून जहाजं करतोय, हे चौथं चालू हाय.

आता तुझे मार्क. चाकाच्या बाबतीत परीक्षक साफ चुकलेत, तू न्हाईस. १६२८ ला जहाजावर चाकच नव्हतं. ते आलं १७०० च्या आसपास. त्याच्या आधी काय, तर सुकाणूचा आडवा दांडा आत यायचा, त्याला एक उभा दांडा जोडलेला, आन सुकाण्या डेकच्या खाली हुबा राहून तो दांडा डावीउजवीकडं ढकलायचा. त्याला समुद्र पण नीट दिसायचा न्हाई, वरून वरडून सांगतील तसं. वासावर ह्योच दांडा हाय. सतराव्या शतकातलं जहाज आन वर चकचकीत पितळी चाक बसवलेलं दिसलं की मी पुढचं बघतच न्हाई. आपल्याकडं गणपतीच्या देखाव्यात महाराजांच्या आरमाराला सुद्धा चाक लावत्यात, आन ते फिरवायला मोटर!

तांब्याचं पण तसंच. जहाजाच्या तळाला तांबं ठोकायचं इंग्रजांनी करून बघितलं ते १७६१ ला, अलार्म नावाच्या जहाजावर. वासा बुडून तवर सव्वाशे वर्षं उलटून गेल्ती. सतराव्या शतकात तळाला चरबी, राळ, गंधक असलं कायबाय शिजवून फासायचे, त्यानं खालचा भाग पांढरट पिवळट दिसायचा. आन बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारं, लाकूड पोखरणारा किडा तिथं जगत न्हाई, म्हणून तर वासा एवढी वर्षं शाबूत राह्यली.

म्हंजे तीनपैकी दोन शेरे उलटे तुझ्याच बाजूचे. रंगाचं माझं काम न्हाई, त्यावर कुणी जाणकार बोलंल.

पण खरी चूक कुठं असणार ते मी फोटो न बघता सांगतो. दोर. किटमध्ये दोन नायतर तीन जाडीचा दोरा देत्यात आन सगळं जहाज त्यातच बांधायला सांगत्यात. खऱ्या जहाजावर दोराच्या जाडीच्या पंधरावीस पायऱ्या असायच्या. आन अजून एक गंमत, मी स्वतः त्यात फसलोय. जुन्या तक्त्यात दोर '१२ इंच' असं लिहिलेलं असतं तो परीघ असतो, व्यास न्हवं. १२ इंच परिघाचा दोर म्हंजे साधारण ९७ मिलिमीटर जाड, १:७५ ला १.३ मिलिमीटर. व्यास समजून केलास तर ४ मिलिमीटर येतो, जहाजाला अजगर गुंडाळल्यासारखा दिसतो. माझ्या पयल्या मॉडेलला अजगरच हायेत, अजून तसेच ठेवलेत.

आन दुसरं, डावी उजवी बाजू. किट दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या देतं. वासा तशी न्हाईच. मोजमाप घेणाऱ्यांना जहाजावर चार लाकडी पट्ट्या सापडल्या, दोन स्वीडिश फुटाच्या आन दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. स्वीडिश फूट १२ इंचाचा, ॲमस्टरडॅमचा ११ इंचाचा. म्हंजे एकाच जहाजावर सुतारांच्या हातात दोन येगळ्या पट्ट्या! हे वाचलं तवा मी खुर्चीतनं उठलो. आमच्या शॉपमध्ये पण दोन पट्ट्या असायच्या, एक साधी आन एक आटण धरलेली. बिडाचं कास्टिंग गार होताना आटतं, फुटाला अष्टमांश इंच, म्हणून पॅटर्नची पट्टी तेवढी मोठी असते. नवीन पोरगं आलं आन त्यानं अर्धा पॅटर्न एका पट्टीनं, अर्धा दुसरीनं काढला की गेला अख्खा लॉट रिजेक्शनला. स्वीडनच्या राजाचं पण तेच झालं का काय आसं वाटलं. बुडायचं कारण तेवढंच न्हाई म्हणा, वरचं वजन जास्त आन खाली भार कमी हे मूळ दुखणं. निघायच्या आधी तीस माणसं डेकवर ह्या बाजूनं त्या बाजूला पळवून बघितली, तिसऱ्या फेरीला जहाज एवढं हलाय लागलं की अधिकाऱ्यानं बास म्हणून सांगितलं. आन तरी सोडलं!

तर भावा, एकदम परफेक्ट सारख्या दोन बाजूंची वासा ही खरं बघाय गेलं तर चुकीची वासा. पण ह्याचे मार्क कुणी कापत न्हाई.

चित्रकलेच्या_बाई

रंगाबद्दल मी लिहिते. शाळेत चित्रकला शिकवते, जहाजातलं मला काडीचं कळत नाही, पण भाऊ मॉडेल करतो आणि रंगवायला माझ्याकडे आणून टाकतो, त्यामुळे वासाचा अभ्यास झालाय.

तुमचा निळा म्हणजे काही तुमच्या मनाचा नाही. जहाज वर आलं तेव्हा लाकूड काळं पडलेलं होतं आणि बरीच वर्षं समज असाच होता की मागे निळा आणि त्यावरच्या मूर्ती सोनेरी. १९९० च्या दशकात लाकडाच्या फटीत उरलेल्या रंगाच्या कणांची तपासणी झाली तेव्हा कळलं की मागचा रंग लाल होता आणि मूर्ती नुसत्या सोनेरी नाहीत, चांगल्या भडक रंगीबेरंगी होत्या. म्युझियममध्ये १:१० चं मोठं मॉडेल आहे ते याच रंगात आहे, त्याचे फोटो सहज मिळतात, तेच समोर ठेवा. त्यामुळे या एका मुद्द्यावर परीक्षक बरोबर होते. जुन्या किटचे डबे जुन्या समजुतीवर छापलेले आहेत इतकंच.

आता परत रंगवायचं का? मी म्हणेन रंगवा, पण खरवडू नका. खरवडाल तर नक्षीच्या कडा जातील. बारीक पॉलिश पेपर फक्त सपाट भागावर हलका फिरवा, राखाडी प्रायमरचा पातळ हात, मग लाल. आणि लाल म्हणजे डबीतला कुंकवासारखा लाल थेट लावू नका. लांबून बघितल्यावर रंग फिका दिसतो, आणि ९२ सेंटीमीटरचं जहाज दोन फुटांवरून बघणं म्हणजे खरं जहाज पन्नास मीटरवरून बघण्यासारखं आहे, म्हणून रंगात थोडा मातकट आणि थोडा पांढरा मिसळा. वरून मॅट वॉर्निश. चकाकी आली की खेळणं दिसतं.

मूर्तींचं मात्र अवघड आहे. जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना मिळून वीस रोमन सम्राट आहेत, टायबेरियसपासून सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत. भावाच्या किटमध्ये वीसही एकाच साच्यातून काढलेले, एकच चेहरा, एकच हात. बाराखडी गिरवल्यासारखे. आम्ही चार-पाच मेणात वेगळे कोरले आणि हुपरीला चांदीकाम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून ओतून घेतले (पितळेत, चांदीत नाही, घाबरू नका). आता निदान शेजारशेजारचे दोन भाऊ सारखे दिसत नाहीत.

शंकासूर_पुणेकर

वाचतोय सगळं. एक साधी शंका. आज लाल म्हणताय, तीस वर्षांपूर्वी तज्ज्ञच निळा म्हणत होते, अजून तीस वर्षांनी पिवळा म्हणाले तर खलाशीबुवा परत पॉलिश पेपर घेऊन बसणार का? मॉडेल ही हस्तकला आहे. हात कसा आहे ते बघा आणि मार्क द्या. 'अचूकता' नावाचा कॉलम म्हणजे परीक्षकाला जेवढं माहीत आहे तेवढंच मोजायची पट्टी, आणि इथे तर परीक्षकाला चाकाचंही माहीत नव्हतं.

चित्रकलेच्या_बाई

निळा हा अंदाज होता, लाल हा लाकडावर सापडलेला रंग आहे. दोन्ही एका तागडीत कसे टाकता? उद्या अजून बारीक तपासणी झाली तर लालची छटा बदलेल, मान्य, पण परत निळ्यावर जायचं तर लाकडात निळा सापडावा लागेल.

पॅटर्नवाले_काका

शंकासूरराव, ड्रॉइंग रिव्हाइज झालं म्हणून ड्रॉइंगच नको आसं कुठल्या शॉपमध्ये म्हणत्यात ओ? रिव्हिजन नंबर टाकायचा आन काम चालू ठेवायचं.

पण तुमच्या बोलण्यात एक मुद्दा हाय. सगळ्या जहाजांना एक माप लागत न्हाई. वासा समोर हुबी हाय म्हणून तिच्या बाबतीत कडक राह्यचं. तरी पण खालचं धड अस्सल, वरच्या डोलकाठ्या आन दोर बरेचसे पाण्यात गेले, ते जाणकारांनी परत जुळवलंय. शिडं दहा, त्यातली चार लावलेली होती ती गेली, आतल्या कोठीत ठेवलेली सहा सापडली. इंग्रजांची 'सॉव्हरिन ऑफ द सीज' बघा, १६३७ ची, १०२ तोफा, काळ्यावर सोनेरी नक्षी, राजाचं दिवाळं निघालं एवढा खर्च. ती १६९७ ला जळाली. मूळ ड्रॉइंग न्हाई, हायेत ती चित्रं आन एक कोरून छापलेलं मोठं चित्र. तिचं मॉडेल करणारे दहा जण दहा तऱ्हेचं करत्यात आन त्यातल्या कुणाला तू चूक म्हणायचं?

अजून एक सांगायचं राह्यलं. परीक्षक मंडळींना बरगड्या उघड्या ठेवलेलं मॉडेल लई आवडतं, खाली फळ्या न लावता आतला सांगाडा दाखवलेला. ते मूळचं इंग्लंडचं खूळ, तिथल्या नेव्ही बोर्डासाठी त्याच शतकात तशी मॉडेलं व्हायची, १:४८ ला, एक फूट म्हंजे पाव इंच. पण त्यातल्या बरगड्या दिसाय देखण्या, एकसारख्या अंतरावर, खऱ्या जहाजात तशा नसायच्याच. आन वासा तर डच पद्धतीची, मिस्त्री हेन्ड्रिक हाइबर्टसन हॉलंडचा. त्यांच्यात आधी तळाच्या फळ्या जुळवायच्या, लाकडाच्या बारक्या पट्ट्या आडव्या ठोकून त्या तात्पुरत्या धरायच्या, मग आत बरगड्या बसवायच्या आन पट्ट्या काढून खिळ्यांची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवायची. म्हंजे फळी आधी, बरगडी मागनं. वासाला इंग्रजी सांगाडा करून दाखवला तर बक्षीस मिळंल पण ते खोटं हाय.

देवगडचो_तांडेल

गुराबेचा विषय निघाला म्हणून आलो. मी देवगडचो, आजोबा तांडेल होते, घरात मचवे होते, आता काही नाही, मी पुण्यात नोकरी करतंय. पण नाळ, सुकाणू, शीड, परबाण (शीड बांधायचं आडवं लाकूड) हे शब्द घरातलेच, त्यामुळे मॉडेलात 'बो' आणि 'यार्ड' ऐकलं की कसंतरीच होतं.

खलाशीदादा, गुराब करा, पण आधी हे डोक्यातून काढा की ती वासासारखी दिसणार. आपल्याकडच्या देखाव्यांत आणि कॅलेंडरांवर महाराजांच्या आरमाराला तीन मजली युरोपी जहाजं दाखवतात, कडेला तोफांच्या तीन रांगा, मागे सोनेरी महाल. ते नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज कर्नाटकातल्या बसरूर बंदरावर गेले तेव्हाच्या नोंदीत ८५ लहान जहाजं आहेत, ३० ते १५० टनांची, आणि मोठी तीन डोलकाठ्यांची जहाजं फक्त तीन. यावरून अंदाज घ्या. उथळ खाड्यांत शिरायचं, खडकांमधून वाट काढायची, वारा पडला की वल्ही मारायची, असलं काम होतं.

गुराबेचं सगळ्यात चांगलं वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांच्या वर नाही, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने खूप रुंद, मध्ये फुगीर आणि टोकांकडे निमुळती, पाण्यात थोडीच बुडणारी. आणि मुख्य म्हणजे तिची नाळ. पुढे लांब, सपाट, बुटकी सोंड बाहेर आलेली, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या गॅलीसारखी, आणि त्या सोंडेवरच्या डेकला कडेने कठडा नाही, मोकळं. का, तर समोरून लाट आली की गुराब फार आपटते, पाणी वर येतं, ते अडू नये, तसंच वाहून जावं. सोंडेच्या मागे आडवी भिंत, भिंतीत दोन भोकं, त्यातून दोन तोफा सरळ पुढे बघतात, ९ किंवा १२ पौंडी (हे गोळ्याचं वजन), आणि त्या सोंडेवरून मारा करतात. कडेच्या तोफा ६ ते ९ पौंडी. म्हणजे हिचं तोंडच हत्यार आहे. वासा कूस वळवून मारा करणार, ही समोरून.

तुमचं मॉडेल बरोबर का चूक ते मी फक्त त्या सोंडेवर ठरवीन. कठडा लावलात की गेलं.

पण माझं ऐकाल तर आधी गलबत करा. मोठ्यात मोठं ७० टन, दोन डोलकाठ्या, मागची अगदी बारीक, पुढच्या मोठ्या डोलकाठीला एकच भलंमोठं तिकोनी शीड, त्याचं वरचं टोक डोलकाठीच्याही पार वर जातं. चाळीस-पन्नास वल्ही. आणि डेक कशाचं, तर हलकं राहावं म्हणून चिरलेल्या बांबूचं! यासाठी कुठलंही परदेशी किट लागत नाही, कोल्हापुरात बुरूड आहेत, त्यांच्याकडून कामट्या आणा, अजून बारीक चिरा, झालं डेक. त्याला एक वही करा आणि कुठला भाग कशावरून केला ते लिहीत जा, पुढे कुणी विचारलं तर दाखवता येतं.

एक सावध करतो. बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ आहेत, त्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे, फार सुंदर. बरेच जण ते बघून 'मराठा जहाज' करतात. ते शिलाहारांच्या काळातलं आहे, महाराजांच्या आधी कित्येक शतकं. त्यावरून गुराब करणं म्हणजे आजच्या लग्नाचा फोटो बघून महाराजांचा दरबार रंगवण्यासारखं.

शंकासूर_पुणेकर

तांडेलसाहेब, वर्णन झकास, पण ऑर्म अठराव्या शतकातला. तो जे सांगतोय ते आंग्र्यांच्या वेळचं आरमार. शिवाजी महाराज १६८० ला गेले. मधली सत्तर-ऐंशी वर्षं तुम्ही एका उडीत पार केलीत. एकसरला कित्येक शतकं म्हणून हसायचं आणि स्वतःची सत्तर वर्षं पदरात लपवायची, हे कसं काय?

देवगडचो_तांडेल

बरोबर पकडलात. मान्य.

माझं म्हणणं असं की सोंडेची ठेवण एका रात्रीत येत नाही, आणि १६७९ ला खांदेरीच्या लढाईतही गुराबाच होत्या, दोन्ही बाजूंना होत्या. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराबच होती, १८ ऑक्टोबर १६७९ ला ती आपल्या आरमाराने पकडली, माय नाक भंडारी आणि दौलतखान या आरमाराच्या सरदारांच्या वेळी. म्हणजे शब्द तोच, समुद्र तोच, काम तेच. पण १६७९ च्या गुराबेला ऑर्मने सांगितली तशीच सोंड होती असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, वहीत 'नंतरच्या वर्णनावरून' असंच लिहावं लागेल.

नाहीतर सरळ पाटीच बदला. 'आंग्र्यांची गुराब' लिहा. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला जळालं, ऑर्मचं वर्णन त्याच काळाला अगदी चपखल बसतं. फक्त मग पोरांनी "महाराजांचं का?" विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही बघा. आणि खलाशीदादा कोल्हापूरचे आहेत म्हणून सांगतो, सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत तुमच्या कोल्हापूरच्या छत्रपतींकडेच होता, मालवणात आरमार होतं. कोल्हापूरला समुद्र नाही म्हणून हसणाऱ्यांना हे ऐकवा.

रंकाळ्याचा_खलाशी

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, तांडेलदादा तुमचे विशेष.

काल रात्री बसून दोर मोजले. काका, अजगर नाहीत पण माझ्याकडे नुसते गांडूळ आहेत, सगळे सारखे, तीन जाड्यांत अख्खं जहाज. ते आता बदलत नाही, जीव जाईल. निळ्याचं मात्र ठरवलं, बाईंनी सांगितलं तसं लाल करतोय. गंमत म्हणजे एका कोपऱ्यात प्रायमर लावला आणि आई म्हणाली "अरे चांगलं निळं होतं की, देवासारखं," आणि तिच्यापुढे लाकडातले रंगाचे कण वगैरे सांगून काही फायदा नाही.

सम्राट पण बघितले भिंगातून. वीसही एकच. इतके दिवस रोज बघतोय आणि दिसलं नाही.

वहीचं आवडलं. पहिल्या पानावर गुराबेची सोंड घेतली आणि समोर लिहिलं, 'ऑर्म, अठरावं शतक'. दुसऱ्या ओळीला शिडाचं कापड, समोर काहीच लिहिता येईना. तिसऱ्या ओळीला रंग, तिथेही काही नाही. शंकासूर काकांना हे वाचून आनंद होईल. पण मग आधी गलबतच करतो, १:४८ ला, बांबूच्या डेकचं. दोन गोष्टी विचारायच्यात. कामट्या १ मिलिमीटरच्या खाली चिरल्या की तुटतायत, ओल्या असताना चिरायच्या का वाळल्यावर? आणि पावसाळ्यात दोर ढिले पडतात त्याला काय करता? जुलैमध्ये माझ्या वासाचे सगळे दोर लोंबायला लागले, दिवाळीला परत ताठ.

पॅटर्नवाले_काका

ओल्या चिर, पण कोवळा बांबू घेऊ नको, तीन वर्षांचा मागून घे बुरुडाकडनं. पेरं सोडून मधला भाग. सुरी ढकलायची न्हाई, सुरी धरायची आन कामटी ओढायची.

दोराचं आसं हाय की सुती दोरा दमट हवेत बदलणारच, वरून मेण घासून थोडं कमी होतं. मी मागल्या मॉडेलला पॉलिस्टरचा वापरला, त्याला पाऊस कळत न्हाई, पण चकाकतो म्हणून बुटपॉलिशच्या चिंधीतनं ओढून घेतला. आन जहाज उंचावर ठेव. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी आलं तवा मी आधी जहाजं माळ्यावर टाकली, मग टीव्ही. त्याच्यावरनं घरात अजून बोलणी बसत्यात.

वल्ह्यांना हळदूचं लाकूड बघ, पिवळं, बारीक रेषेचं, सुरीला गोड. माझ्याकडं तुकडे पडल्यात. रविवारी अकराच्या पुढं ये, त्याच्या आधी मी मटणाच्या रांगेत असतो.